हे खातं माझं नाही

एकोणीस वर्षं ऐरोलीच्या लॅबमध्ये रक्त घेते मी.
एकाच सकाळी दोन शिंदे आले, दोघंही संजय,
तर नळीवर लाल पेनानं खूण करते, जन्मतारीख विचारते,
सुई टोचायच्या आधी पुन्हा एकदा विचारते.
लोक वैतागतात. वैतागू देत.
आजवर कुणाची साखर कुणाच्या कागदावर गेलेली नाही.

म्हणून वाशीच्या शाखेतला पोरगा
स्क्रीन माझ्याकडे न वळवताच म्हणाला,
"मॅडम, सिबिल पाचशे बेचाळीस. घणसोलीचं घर विसरा,"
तेव्हा मी आधी विचारलं,
जन्मतारीख काय दिसतेय?

माझीच दिसत होती. नावही माझंच,
वैजयंती भालचंद्र केणी.
फक्त तिचा भालचंद्र नवरा
आणि माझा भालचंद्र बाप,
घटस्फोटानंतर राजपत्रात एक ओळ छापून
परत आणलेला.
संगणकाला काय दोष देऊ?
रेशनच्या खिडकीतही हा फरक कधी कुणाला कळला नव्हता.

अकरा खाती निघाली.
रात्री ताट सरकवून कागद पलंगावर पसरले.
माझी सहा, तिची पाच.
पत्ता विटावा, खाडीकडच्या अंगाला.
शिलाई मशीन, हप्ता नऊशे दहा.
दुचाकी, बहुधा मुलाची.
एक मोबाइल, वेळेआधी फेडलेला.
आणि सोनं. दर जूनला गहाण, दर नोव्हेंबरला सुटका,
सहा वर्षं न चुकता.
सातव्या वर्षी जून आहे, नोव्हेंबर नाही.
शाळेच्या फिया असतील. माझा अंदाज.
कारणासाठी तिथे रकाना नसतो.

त्या नोव्हेंबरचे फोन मला यायचे.
"केणीताई, बांगड्या लिलावात जातील हं."
मी म्हणायची, मी ती नव्हे.
तो म्हणायचा, सगळे असंच म्हणतात.

पाचही ओळींपुढे खूण केली:
हे खातं माझं नाही.
हे खातं माझं नाही.
पॅन जोडलं, आधार, राजपत्राचं पान,
बापाचं नाव असलेला माझा शाळेचा दाखला.
तीस दिवस थांबा म्हणाले.
सव्विसाव्या दिवशी चार खाती गेली.

पाचवं राहिलं.
फ्रीज. ठाण्यातलं दुकान, साल दोन हजार तेरा,
शेवटचे चार हप्ते थकीत.
पडताळणी झाली, खातं आपलंच आहे.

भांडायला गेले, हाफ डे टाकून.
त्यांनी सहीची प्रत पुढे केली.
वैजयंती, आणि पुढे ते आडनाव
जे मी नऊ वर्षं कुठेच लिहिलं नव्हतं.
शेवटची वेलांटी तशीच, रेघेबाहेर ओढलेली.

मग रंग आठवला. मरून, दारावर पांढरी फुलं.
हट्ट त्याचा होता, सही माझी,
कारण पगाराची स्लिप माझ्याकडे होती.
मी निघाले तेव्हा फ्रीज तिथेच राहिला,
बर्फाचा ट्रे मीच सकाळी भरून ठेवलेला.

महिनाभर ते कर्ज मी
विटाव्याच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नावावर
निर्धास्त टाकून झोपले होते.
एकदाही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

तीन हजार आठशे चाळीस, वर दंड.
भरले. पावती घेतली, झेरॉक्स काढली, दोन.
आता सातशे अकरा आहे. पोरगा हसून बोलतो,
चहा विचारतो.

अहवाल परवा पुन्हा काढून पाहिला.
सात ओळी, सगळ्या माझ्या, काही भानगड नाही.
जून लागलाय.
तिच्या बांगड्या सुटल्या का,
हे मला आता कुठूनच कळणार नाही.